गोडो ३ घ्यावा की गोडो ४? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून येणारे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेम बनवायला शिकणारी पोरं वाढली आहेत. बहुतेक जण घरी मराठी, बाजारात कानडी आणि कॉलेजात इंग्रजी बोलतात. हाताशी भावाचा जुना लॅपटॉप असतो. ओपन-सोर्स गेम इंजिन म्हणून गोडोपर्यंत सगळे पोचतात आणि पहिल्याच पायरीवर अडतात, कारण उतरवून घ्यायला दोन पिढ्या समोर असतात. इंग्रजी किंवा हिंदीतली उत्तरं वाचून ते अडणं सुटत नाही, कारण त्यात आपल्या लिपीचा विचारच नसतो. म्हणून हे पान.

एका वाक्यात सांगा सर, नवीन सुरुवात करायची तर कुठलं घेऊ?

गोडो ४ घ्या. त्यातही ४.३ किंवा त्याच्या पुढचं स्टेबल व्हर्जन.

गोडो ३ वर राहण्याची पटण्यासारखी कारणं मला तीनच दिसतात. एक, तुमचा गेम ३ मध्ये निम्म्याहून जास्त झाला आहे. दोन, तुमचं मशीन इतकं जुनं आहे की ४ त्यावर उघडतच नाही. तीन, तुम्हाला सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहून गेम ब्राउझरवर चालवायचा आहे. ‘३ हलका आहे म्हणे’ एवढ्यावर मागे राहू नका.

एकाच इंजिनाची दोन व्हर्जनं एकाच वेळी चालू कशी?

अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झुर यांनी गोडोचा कोड २०१४ च्या फेब्रुवारीत एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. ३.० जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि बऱ्याच जणांनी गोडो तिथूनच शिकला. ४.० आलं १ मार्च २०२३ ला. त्यात चित्र काढणारा भाग, अक्षरं मांडणारा भाग आणि जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची प्रोग्रामिंग भाषा, हे सगळं मुळापासून बदललं. त्यामुळे ३ चा प्रोजेक्ट ४ मध्ये जसाच्या तसा उघडत नाही. ज्यांचे गेम ३ वर उभे होते त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून ३ ची शाखाही सांभाळली जाते. ३.६ तर ४.० नंतर दीड वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये आलं. पण नवीन कामाचा भर सगळा ४ वर आहे.

गोडोत मराठी लिहिलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलून बघितला, काही फरक नाही. काय करू?

तुम्ही गोडो ३ वापरताय. फॉन्टचा दोष नाही.

माझ्या मते दोन व्हर्जनांमधून निवड करताना आपल्या भागातल्या माणसाने पहिल्यांदा हेच बघावं. ग्राफिक्स, वेग हे सगळं नंतर.

गोडो ३ मजकुरातलं एकेक चिन्ह घेतो आणि डावीकडून उजवीकडे एकापुढे एक ठेवत जातो. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसायला लागते अक्षराआधी. हे उलटसुलट करणारा कोणी ३ मध्ये नाहीच. म्हणून ‘निपाणी’ लिहिलं की पडद्यावर ‘नपिाणी’ दिसतं, ‘चिकोडी’चं ‘चकिोडी’ होतं. ‘येळ्ळूर’मधला पहिला ळ पाय मोडलेला तसाच उभा राहतो. ‘कर्ले’मधला रफार वर चढत नाही, ‘र’चा पाय मोडून ‘ले’ शेजारी येतो. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चं तर विचारूच नका.

गोडो ४ मध्ये टेक्स्टसर्व्हर नावाचा वेगळा भाग आला. त्याच्या आत हार्फबझ आणि आयसीयू ही दोन ओपन-सोर्स लायब्ररी आहेत. हार्फबझ फॉन्टमधले नियम वाचून कुठली चिन्हं जोडायची, कुठलं मागे घ्यायचं, कुठलं डोक्यावर ठेवायचं ते ठरवते. लेबल (पडद्यावर मजकूर दाखवणारा घटक) घ्या, देवनागरी फॉन्ट लावा, लिहा. निपाणी निपाणीच दिसतं.

३ मध्ये यावर तोडगे काढणारे आहेत. प्रत्येक वाक्य चित्र म्हणून बनवून टाकायचं, हा एक. जुने, युनिकोड नसलेले डीटीपीचे फॉन्ट वापरायचे, हा दुसरा. त्यांत अक्षरांचे तुकडे इंग्रजी कळांवर बसवलेले असतात, त्यामुळे मोडत नाहीत. छापखान्यात काम केलेल्यांना ही युक्ती चटकन सुचते आणि ती चालतेही. पण एक शब्द दुरुस्त करायचा झाला तरी सगळं पुन्हा बसवत बसावं लागतं. दहा वाक्यांच्या गेमला ठीक. गोष्ट सांगणारा गेम असेल तर या वाटेने जाऊ नका.

म्हणजे गोडो ४ घेतला की मराठीचा प्रश्न संपला?

मोडणं थांबलं. बाकीचं काम तुमच्याकडे आहे, आणि ते नीट केलं तर गेम देखणा होतो.

पहिली गोष्ट फॉन्टची. नवीन प्रोजेक्टमध्ये काहीच न करता लेबलात मराठी लिहिलं तरी तुमच्या मशीनवर ते दिसतं. कारण गोडो ४ ला आपल्या फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही की तो विंडोजच्या किंवा लिनक्सच्या फॉन्टमधून उचलतो. यात खूप जण फसतात. तोच गेम वेबवर एक्स्पोर्ट केला, म्हणजे ब्राउझरसाठी तयार करून बाहेर काढला, की मराठीच्या जागी चौकोन येतात, कारण ब्राउझरमध्ये सिस्टिमचा फॉन्ट हाताला लागत नाही. म्हणून फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींचा परवाना गेमसोबत द्यायला मुभा देतो.

दुसरी गोष्ट कानडीची. आपल्याकडे गेम फक्त मराठीत ठेवला तर शेजारच्या बाकावरच्या मित्राला खेळता येणार नाही. कानडीतले ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली बसणारी जोडाक्षरं, ३ मध्ये आपल्या जोडाक्षरांसारखीच मोडतात आणि ४ मध्ये नीट बसतात. मुख्य फॉन्ट देवनागरी ठेवा आणि त्याच्या फॉलबॅकच्या (अक्षर न सापडल्यास वापरायच्या फॉन्टच्या) यादीत नोटो सान्स कन्नड जोडा. मग एकाच लेबलात दोन्ही लिप्या चालतात. भाषांतरासाठी सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी मजकूर फाइल करा: पहिल्या रकान्यात खुणेचा शब्द, पुढे मराठी, कानडी, इंग्रजी. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीमध्येच सेव्ह झाली आहे ना, हे बघा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि दोष गोडोवर येतो.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला जिव्हाळ्याची. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं दिलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण बाहेर येतं. गोडो ४ मध्ये लेबलला लँग्वेज नावाचा रकाना आहे, तिथे मराठीचा कोड घाला. तो रिकामा असेल तर गेमची चालू भाषा धरली जाते. शाळेतली मुलं खेळणार असतील तर त्यांच्या पाठ्यपुस्तकातला ‘ल’ त्यांना पडद्यावर दिसू द्या.

संवाद एकेक अक्षर उमटत यायला पाहिजे, पण मराठीत ते थरथरल्यासारखं दिसतं.

लेबलमधली दिसणारी अक्षरं एकेकाने वाढवली की आधी ‘क’ उमटतो, मग त्याचा ‘कि’ होतो आणि सगळी ओळ सरकते. गोडो ४ मध्ये लेबल आणि रिचटेक्स्टलेबल या दोन्हींना ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ अशी सेटिंग आहे. ती ‘आफ्टर शेपिंग’वर ठेवा. मग ओळ आधी पूर्ण मांडली जाते आणि नंतर उघडत जाते. ३ मध्ये अशी सोय नाही.

शब्दकोडं किंवा अक्षरं जुळवायचा गेम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ‘किल्ला’ या शब्दाची लांबी विचारली तर गोडो ६ सांगतो. क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना असे तो मोजतो. आपण मोजतो दोन. हे दोन्ही व्हर्जनांत सारखंच आहे. ४ मध्ये टेक्स्टसर्व्हरकडून अक्षरं कुठे तुटतात ते विचारून घेता येतं, ३ मध्ये ते सगळं स्वतः लिहायचं.

माझा लॅपटॉप जुना आहे. गोडो ४ चालतोय काय?

बहुतेक चालतो. फक्त प्रोजेक्ट बनवताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, बरोबर निवडायला हवा.

गोडो ४ तीन रेंडरर देतो: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कंपॅटिबिलिटी. पहिल्या दोघांना वल्कन (ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी पद्धत) किंवा त्याच्या तोडीचा नवा ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या चिपमधल्या ग्राफिक्सवर विंडोजमध्ये वल्कन मिळतं ते सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकपासून. त्याआधीच्या मशीनवर कोणी फॉरवर्ड प्लस निवडलं, खिडकी काळी झाली किंवा बंद पडली, की ‘गोडो ४ माझ्यावर चालत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे. कंपॅटिबिलिटीला ओपनजीएल ३.३ ही जुनी पद्धत पुरते आणि ते इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या ग्राफिक्सलाही येतं. ड्रायव्हर तेवढा नसेल तर विंडोजवर गोडो डायरेक्ट३डी ११ वरून काम भागवायचा प्रयत्न करतो.

कंपॅटिबिलिटीत काय गमावता? एसडीएफजीआयसारखा पसरणारा उजेड, व्हॉल्युमेट्रिक धुकं, असं मोठ्या ३डी गेमचं सामान. राजहंसगडावर चढणारा मावळा २डी मध्ये दाखवायचा असेल तर यातलं काहीही लागत नाही. माझा सल्ला असा की आपल्याकडच्या कुणीही पहिला गेम कंपॅटिबिलिटीवरच करावा, नवा लॅपटॉप असला तरी. खेळणाऱ्यांकडे कुठलं मशीन असेल ते तुमच्या हातात नाही.

तरीही नाही चाललं तर? शाळांच्या संगणक खोलीत दुसऱ्या पिढीचे किंवा त्याहून जुने इंटेल अजून दिसतात. त्यांच्या ग्राफिक्सला विंडोजवर ओपनजीएल ३.१ च्या पुढे जाता येत नाही. अशा ठिकाणी गोडो ३ आणि त्यातला जीएलईएस२ रेंडरर ही खरी वाट आहे, तो ओपनजीएल २.१ वर चालतो. दुसऱ्या पिढीच्या मशीनवर लिनक्स टाकलं तर ड्रायव्हर ३.३ पर्यंत पोचतो, म्हणून एखाद्या पीसीवर तो प्रयोग करून बघण्यासारखा आहे. शिकवणाऱ्या सरांनी ३ घेतला तर मुलांना चित्रांचे, आकड्यांचे, पळापळीचे गेम द्यावेत आणि मजकुराचे गेम ४ चालणाऱ्या मशीनसाठी राखून ठेवावेत.

फोनसाठी कुठलं बरं?

पुन्हा ४, पुन्हा कंपॅटिबिलिटी. स्वस्त आणि जुन्या अँड्रॉइड फोनांतले वल्कन ड्रायव्हर भरवशाचे नसतात. एकाच गेमची एका फोनवर चकाचक हालचाल आणि दुसऱ्यावर गुलाबी-काळे ठिपके असं होतं. कंपॅटिबिलिटी ओपनजीएल ईएस ३.० वर चालतो आणि तो आज वापरात असलेल्या जवळपास सगळ्या फोनांत आहे. प्ले स्टोअरचे नियम मात्र दरवर्षी पुढे सरकतात. नव्या अँड्रॉइडसाठी १६ केबी मेमरी पेजची जी अट आली, तिची तयारी ४.५ मध्ये आहे. स्टोअरवर टाकायचा गेम जुन्या व्हर्जनवर अडकवून ठेवू नका.

मित्रांना नुसती लिंक पाठवून ब्राउझरमध्ये खेळवायचं आहे.

इथे ४.० ते ४.२ पर्यंत गोडो ३ सरस होता. त्या व्हर्जनांचा वेब गेम चालायला सर्व्हरने पानासोबत खास हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) पाठवावे लागत आणि गिटहब पेजेससारख्या मोफत जागी ते पाठवता येत नाहीत. गेम अपलोड व्हायचा आणि उघडायचाच नाही. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ ने थ्रेडशिवाय (एकाच वेळी अनेक कामं समांतर न चालवता) एक्स्पोर्ट करायची सोय दिली आणि ही कटकट मिटली. मी सुरुवातीलाच ४.३ ची रेघ मारली ती मुख्यतः यासाठी.

४ ची वेब फाइल ३ पेक्षा जड असते, हे खरं. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात नेट रडतं तेव्हा तो फरक जाणवतो. पण ती हलकी फाइल घेऊन मराठी मोडलेलं दाखवायचं, की थोडं थांबवून नीट दाखवायचं? मी थांबवीन.

यूट्यूबवर बघून तस्संच लिहिलं, तरी एरर येतो.

व्हिडिओ ३ चा आणि तुमचं इंजिन ४ चं. ओळखायच्या खुणा पाठ करा. व्हिडिओत ‘कायनेमॅटिकबॉडी२डी’ दिसला, तर तो ३ चा. ४ मध्ये त्याचं नाव ‘कॅरेक्टरबॉडी२डी’. ‘स्पेशियल’चं ‘नोड३डी’ झालं, नुसत्या ‘स्प्राइट’चं ‘स्प्राइट२डी’. ‘यील्ड’ लिहिलं असेल तर ३, ‘अवेट’ असेल तर ४. ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘ऑनरेडी’च्या आधी ‘अ‍ॅट’चं चिन्ह असेल तर ४.

सगळ्यात जास्त पोरं अडतात ती ‘मूव्ह अँड स्लाइड’वर. ३ मध्ये वेग कंसात द्यायचा आणि उत्तर परत घ्यायचं. ४ मध्ये वेग हा पात्राचाच गुण झाला. आधी ‘व्हेलॉसिटी’ भरायची आणि मग कंस रिकामा ठेवून हाक मारायची.

व्हिडिओची तारीखही बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क घ्यायचं जाहीर केलं (वर्षभराने ते मागे घेतलं), तेव्हा खूप जण तिकडून गोडोकडे वळले. त्यानंतर आलेलं शिकवणीचं सामान बहुतेक ४ चं आहे. अधिकृत माहितीपत्रं मात्र दोन्हींची वेगळी आहेत. पान उघडल्यावर कोपऱ्यातला व्हर्जनचा आकडा वाचायची सवय लावा.

माझा गेम ३ मध्ये निम्मा झालाय. ४ मध्ये हलवू काय?

त्यात मराठी मजकूर आहे का? नसेल आणि गेम नीट चालत असेल, तर हलवू नका. ३ मध्येच पूर्ण करा. ब्रोटॅटोसारखा जगभर खेळला जाणारा गेम गोडो ३ वरच बनला आहे. खेळणाऱ्याला इंजिनाचा आकडा दिसत नाही.

मजकूर असेल तर हलवा, पण आधी पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या जागी ठेवा. गोडो ४ मधून जुना प्रोजेक्ट उघडायला गेलात की तो ‘कन्व्हर्ट फुल प्रोजेक्ट’ असं विचारतो. एकदा हो म्हटलं की परतीची वाट नाही. प्रोजेक्टच्या मुख्य फाइलमध्ये कॉन्फिग व्हर्जनसमोर ४ असतं तिथे ५ होतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडून एखाद्या अनोळखी प्रोजेक्टची पिढीही यावरूनच ओळखता येते. बघा, गोडो ३ च्या फाइलमध्ये आकडा ४ असतो, त्याने गोंधळू नका.

नोड (गेमचे घटक) आणि फंक्शनांची नावं हे हत्यार बऱ्यापैकी बदलून देतं. टाइलमॅप (चौकोनी तुकड्यांचा नकाशा), ट्वीन (हळूहळू बदल घडवणारी हालचाल), शेडर (रंग-प्रकाशाचा कोड) आणि ‘सेटगेट’ (किंमत भरताना-वाचताना चालणारा कोड) यांच्याशी तुम्हाला हाताने झुंजावं लागेल. टाइलमॅप तर ४.३ मध्ये पुन्हा बदलला, आता प्रत्येक थर म्हणजे वेगळा टाइलमॅपलेयर. गेम छोटा असेल तर माझं स्पष्ट मत आहे: चित्रं आणि आवाज तेवढे उचला आणि कोड ४ मध्ये नव्याने लिहा. दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतं आणि शिकायलाही मिळतं.

३ मध्ये राहणाऱ्यांनी निदान ३.५ किंवा ३.६ घ्यावं आणि ट्वीनचा नोड सोडून ‘क्रिएट ट्वीन’ वापरावं. तीच पद्धत ४ मध्ये आहे.

सी-शार्प येतं, जीडीस्क्रिप्ट नको वाटतं.

वेबवर जायचं असेल तर गोडो ४ चा सी-शार्प गेम ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट होत नाही. ३ चा होतो. अँड्रॉइडची सोय ४.२ पासून प्रायोगिक म्हणून आली. फक्त कॉम्प्युटरवरचा गेम असेल तर ४ चं डॉटनेट असलेलं वेगळं डाउनलोड घ्या. एरवी जीडीस्क्रिप्ट शिकून घ्या, सी-शार्प येणाऱ्याला ते जड नाही.

कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांत करतोय. नवीन व्हर्जन आलं की लगेच बदलायचं?

नाही. पहिल्या दिवशी चौघांनी एकच आकडा ठरवायचा, अगदी शेवटच्या अंकापर्यंत, आणि सादरीकरण होईपर्यंत त्यावरच राहायचं. ४.४.१ असेल तर सगळ्यांकडे ४.४.१. शेवटचा अंक वाढला तर त्यात फक्त दुरुस्त्या असतात, तेवढा चौघांनी मिळून बदलायला हरकत नाही. मधला अंक वाढला की फाइली नव्या पद्धतीने लिहिल्या जाऊ शकतात. एकाने ४.५ मध्ये उघडून सेव्ह केलं आणि दुसऱ्याकडे ४.४ असेल, तर चूक कुणाची यावर भांडण ठरलेलं. बीटा, आरसी आणि डेव्ह असं लिहिलेली, अजून चाचणीत असलेली व्हर्जनं प्रोजेक्टच्या आसपासही येऊ देऊ नका.

४.४ पासून प्रत्येक स्क्रिप्टशेजारी यूआयडीची (ओळखक्रमांकाची) एक छोटी फाइल तयार होते. ती कचरा समजून पुसू नका, गिटमध्ये (कोडचे बदल जपणाऱ्या साधनात) टाका. ‘.गोडो’ नावाचा लपलेला फोल्डर मात्र गिटमध्ये टाकायचा नाही, तो पुन्हा आपोआप बनतो.

दोन्ही व्हर्जनं एकाच मशीनवर ठेवता येतील? आणि शाळेत नेट नाही, तिथे कसं न्यायचं?

येतात. गोडो इन्स्टॉल करावा लागत नाही, एकच फाइल उघडायची असते. ३ आणि ४ यांच्या एडिटरच्या सेटिंग वेगळ्या फाइलींत राहतात, त्यामुळे एकमेकांच्या पायात येत नाहीत. फाइलच्या नावात व्हर्जनचा आकडा असतो, तो काढू नका.

शाळेसाठी पेनड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्यात गोडोची फाइल ठेवा आणि तिच्या शेजारी एक रिकामी फाइल बनवा. तिचं नाव इंग्रजी लहान लिपीत: अंडरस्कोर, एस, सी, पुन्हा अंडरस्कोर, आणि शेवटी टीएक्सटी वगैरे काही नाही. ती दिसली की गोडो एडिटरच्या सगळ्या सेटिंग त्याच फोल्डरात ठेवतो. एक्स्पोर्टचे टेम्प्लेट (गेम बाहेर काढायला लागणाऱ्या तयार फाइली) एडिटरपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते घरच्या नेटवर आधी उतरवून याच फोल्डरातल्या गोडोत घालून घ्या. टेम्प्लेटचा आकडा आणि एडिटरचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर एक्स्पोर्ट होणार नाही. देवनागरी आणि कन्नड फॉन्टच्या दोन्ही फाइलीही त्याच पेनड्राइव्हवर घ्या, आणि निघण्याआधी नेट बंद करून एकदा गेम एक्स्पोर्ट करून बघा.